तीन मुलखांत पहिलाच गुन्हा

“हरणे, फिरीव की गं जोरानं! न्याहारी केलीस का न्हाय?”

“म्या फिरवतेच हाय नाना! तुमी आदी सरळ हुबं ऱ्हावा, मंग मला जोर शिकवा!”

लॉरीभोवती जमलेल्या बाया खदाखदा हसल्या. म्हारुद्रनानाही हसला. त्याचं तेच तर वाईट होतं. त्याला कितीही टोचा, राग म्हणून यायचा नाही. तो हसायचा, आणि टोचणाऱ्याचाच राग फुकट जायचा.

हरणानं पंख्याचा दांडा पुन्हा दोन्ही हातांनी धरला. जर्मनची लढाई सुरू झाल्यापासून पेट्रोल म्हणजे औषधालाही मिळत नव्हतं, म्हणून मुरुम गावच्या शिवप्पानं आपल्या लॉरीच्या पाठीला कोळशाचा हा मोठा बंब बसवून घेतला होता. बंबात कोळसा पेटवायचा, अर्धा तास पंखा फिरवायचा, मग ग्यास तयार व्हायचा. पुढं बारवेतून दोन घागरी पाणी आणून इंजिनाला पाजायचं. त्यानंतर नाना समोरून हँडल मारणार आणि लॉरी न्हाऊन उठलेल्या म्हशीसारखी अंग झाडत जागी होणार. कोळसा बाया भरायच्या, पंखा बाया फिरवायच्या, पाणीही बायाच आणायच्या. नानाचं काम एकच, चाक धरायचं. आणि तेवढंच त्याला धड जमत नव्हतं.

कारण त्यांच्या हिंगणवाडीच्या वेशीबाहेर शिंदीखाना, म्हणजे शिंदीच्या दारूचा गुत्ता होता, आणि नाना रोज सकाळी त्या वाटेनं यायचा.

हरणा चौदा वर्षांची. नळदुर्गच्या शाळेत जाणारी गावातली एकुलती एक पोरगी. मराठी तर येतच होती, पण उर्दूही ती झरझर वाचायची, आणि हैदराबाद सरकारच्या फसली सनाचे बारा महिने एका दमात म्हणून दाखवायची. म्हारुद्रनाना तिचा सख्खा चुलता. पहिली पाटी त्यानंच आणून दिली होती. लॉरीच्या टपावर बसवून सगळ्या गावातून तिला मिरवलंही होतं. म्हणून तर तिचा जीव जास्त जळायचा.

चैतात हीच लॉरी बोरी नदीच्या उतारावर कलंडली होती. आत हरणाची माय होती, सारजाबाई. तिचा उजवा हात कोपरात मोडला. गावच्या हाडवैद्यानं बसवला तो वाकडाच बसला. आता तिला भाकरी थापता येत नव्हती, घागर उचलता येत नव्हती. सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, “दिवाळीच्या आत या. हाड पुन्हा नीट बसवू. नंतर आलात तर हात जन्मभर असाच राहील.” तोवर चूल, पाणी, गोठा सगळं हरणाकडं. शाळा आठवड्यातून दोन दिवसांवर आली होती. हात बसला नाही तर ते दोन दिवसही जाणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

आज मंगळवार, सोलापूरचा बाजार. सारजाबाई गाठोडं घेऊन आली, लॉरीत एक पाय ठेवला, आणि नाना शेजारून गेला तसा तिला वास आला. तिनं पाय खाली घेतला.

“न्हाय बाई. म्या न्हाय बसत.”

“वयनी, अवो दोनच मोगं घेतल्यात. शिंदीनं डोळं कसं लख्ख ऱ्हात्यात!”

“चैतातबी लख्खच हुतं, भावजी.”

यावर नाना हसला नाही. पण लॉरी मात्र घेऊन गेला. बाया बसल्याच. मिरच्या नासल्या असत्या, लोणी वितळलं असतं. हरणा कोळशानं काळ्या झालेल्या हातांनी तिथंच उभी राहिली आणि तिला इतका राग आला की तिनं पायाखालची धूळ लाथेनं उडवली. ती तिच्याच डोळ्यांत गेली.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मम्मा हरणाच्या ओट्यावर येऊन बसली. ही गावातली मिरचीवाली. बोलणं कानडी मराठीचं, नजर घारीची. तिनं नानाला सरळच विचारलं, “एनप्पा म्हारुद्रा, काय रं बाबा, तू तीन डाव गाडी ठोकलास. सरकार तुला सोडतंय कसं?”

नाना उठला, आत गेला आणि आपली पत्र्याची पेटी घेऊन आला. गुन्ह्यांचे तीन कागद काढून त्यानं सनदा मांडाव्यात तसे घोंगडीवर मांडले.

“कायदा म्या सांगतो. पिऊन गाडी हाकली, पैल्या खेपंला दंड. दुसऱ्या खेपंला परवाना सा म्हैने जप्त. तिसऱ्या खेपंला तुरुंग, आन परवाना कायमचा फाडून टाकत्यात. पर गंमत अशी हाय का, माजी दुसरी खेप येतच न्हाय!”

“आँ? ती कशी?”

“बोरीवर कलंडलो, ती आपल्या निजाम सरकारची हद्द. पैला गुन्हा. सोलापूरच्या नाक्याचं आडवं लाकूड मोडलं, तो विंग्रजाचा मुलूख. तितंबी पैला. अक्कलकोटाकडं कडब्याच्या गंजीत घुसलो, तितं संस्थान. त्यो बी पैलाच! परवानंबी तीन, गुन्हंबी तीन, आन तिन्हीकडं म्या कोरा!”

लक्ष्मम्मानं कपाळावर हात मारून घेतला. बाकीच्यांना हसू आलं. हरणाला नाही आलं. माय आत एका हातानं पीठ मळत होती आणि परात सारखी सरकत होती. तो घसरण्याचा आवाज ओट्यापर्यंत येत होता.

दुपारी नाना झोपल्यावर हरणानं पेटीतले तिन्ही कागद घेतले आणि आबापुढं जाऊन उभी राहिली. आबा, म्हणजे तिचा बाप बलभीम. भावावर आवाज म्हणून कधी चढवला नाही असा माणूस.

“आबा, उद्या तालुक्याच्या कचेरीत जायचं. तीन गुन्हं एका मेजावर ठिवायचं. नानाचा परवाना फाटंल, माय जित्ती ऱ्हाईल.”

“अगं, सख्खा भाऊ हाय माजा.”

“आन माय कोन हाय तुमची?”

 सकाळी आबा पटका बांधून तिच्याबरोबर निघाला.

कचेरीत कागदपत्रं बघणारे पेशकारसाहेब होते. पांढरी दाढी, नाकावर चष्मा, पुढं पानाचा डबा. हरणानं तिन्ही कागद ओळीनं ठेवले आणि सगळं एका श्वासात सांगून टाकलं. साहेबांनी पहिला कागद उचलला, मान हलवली. बाकीचे दोन बोटानं बाजूला सारले.

“बेटी, ये हमारा है. ये दो तो परमुलुख के. इनका हमारे पास कुछ काम नहीं.”

“पर साहेब, मानूस तर एकच हाय!”

“माणूस एक है. सरकार तीन हैं ना! मैं किसका गुन्हा किसके खाते में डालूं?”

“म्हैन्या-दोन म्हैन्यांत झाल्यात तिन्ही.”

“ये भी कैसे मालूम? इसपे खुरदाद लिख्या है, उसपे मई, तिसरेपे जेठ. कौनसा पैला, कौनसा बाद का?”

हरणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती ताठ उभी राहिली आणि शाळेत म्हणतात तशी म्हणत सुटली, “आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवरदी, अर्दीबेहिश्त, खुरदाद! खुरदाद म्हंजी चैत, साहेब. चैतात बोरीवर कलंडला. मे म्हैन्यात सोलापूरला. जेठात अक्कलकोटाकडं. एक, दोन, तीन!”

पेशकारसाहेबांना भलतंच कौतुक वाटलं. त्यांनी शेजारच्या कारकुनाला बोलावून ते महिने तिच्याकडून पुन्हा म्हणून घेतले. डब्यातला खडीसाखरेचा खडा तिच्या हातावर ठेवला. आणि कागद तिथेच राहिले, होते तसे.

“गुन्हा पैलाच आहे, बेटी. उर्दू पढती ना? ये नीचे का पढ.”

हरणानं खालची बारीक ओळ वाचली. वाचताना तिचा आवाज हळू होत गेला. ‘या माणसानं याआधी कुठंही असा गुन्हा केलेला नाही, याची मी हमी देतो. जामीन, भाऊ बलभीम.’ खाली अंगठा. तिनं घाईनं सोलापूरचा कागद ओढला. तीच ओळ मराठीत. अक्कलकोटचा पाहिला. तीच ओळ, तोच अंगठा.

पेशकारसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “तीन जगह हमी, उसमें दो खोटी. अब बोल, पैले किसको पकडूं? चुलत्याला, की बापाला?”

आबानं अंगठा धोतराच्या सोग्यात लपवला होता. जणू कुणी आत्ताच तो कापून घेणार होतं.

हरणानं तिन्ही कागदांची घडी घातली.

 येताना वाटेच्या दोन्ही बाजूला काळी रानं पावसानं भिजून, वर उन्हानं सुकून फुलून आली होती. पेरणीचा वापसा दोन-चार दिवसांवर आला होता. कोसभर चालल्यावर आबा म्हणाला.

“मला काय ठावं गं त्यात काय लिवलंय? त्ये म्हनलं, अंगठा द्या, भाऊ सुटंल. म्या दिला.”

“तीन डाव?”

“भाऊ एकच हाय ना.”

“आबा, तुमाला वाचता येत न्हाय ते सोडा. पर तुमाला मोजताबी येत न्हाय का?” असं म्हणून ती पुढं निघून गेली. बोलल्यावर तिला वाईट वाटलं. वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला. आणि खडीसाखर तिच्या घामेजल्या मुठीत विरघळून चिकट झाली होती. तिनं ती बांधावरच्या मुंग्यांना टाकली.

शनिवारी ती बारवेवर पाण्याला गेली. अठरा पायऱ्या. शेवाळलेल्या, उतरत्या. काठोकाठ भरलेली घागर डोक्यावर घेऊन ती वर आली आणि थबकली. एक थेंब सांडला नव्हता. कधीच सांडत नव्हता. गावातली कुठलीही बाई सांडत नव्हती. तिनं मागं वळून त्या पायऱ्यांकडं पाहिलं आणि एकटीच मोठ्यानं हसली.

तिथून ती तडक लक्ष्मम्माच्या दारात.

“लक्ष्मम्मा, लॉरीला पानी आपुन का आनतो गं?”

“त्याचा हात हलतोय म्हून.”

“हात हलतोय तर चाक कसं धरू देतो आपुन?”

लक्ष्मम्मा मिरच्यांची देठं खुडत होती. तिची बोटं थांबली. मग तिच्या सुरकुत्यांतून हसू पसरत गेलं. “अय्य अय्य अय्य! पोरी, तू लई आगाव हैस.”

मंगळवारी बाया जमल्या, पण पंख्याला कुणी हात लावला नाही. हरणानं लॉरीच्या पाठच्या फळीवर उभं राहून कायदा सांगितला. शाळेतले गुरुजी सांगतात तसा, बोट वर करून.

“नाना, आजपासनं पानी तुमी आनायचं. काठोकाठ घागर, अठरा पायऱ्या. थेंब सांडला तर गुन्हा. पैल्या गुन्ह्याला लॉरी दुपारपातूर हुबी. दुसऱ्याला दिवसभर हुबी. तिसऱ्याला हँडल लक्ष्मम्माकडं, आन शिवप्पाला मुरुमला पत्र. पत्र म्या लिवनार.”

“आन मोजनार कोन?” नानानं हसतच विचारलं.

हरणानं बंबातला एक कोळसा उचलला. “ही फळी. ही तिन्ही मुलखांत जाती.”

नानाला गंमत वाटली. ऐटीत खाली उतरला, घागर भरली आणि पाचव्याच पायरीवर अर्धी अंगावर ओतून घेतली. बाया पोट धरून हसल्या. हरणानं फळीवर एक रेघ ओढली. लॉरी दुपारी गेली. पण दवाखान्याची चिठ्ठी सकाळीच फाटायची, म्हणून सारजाबाईचं जाणं राहिलं.

दुसऱ्या मंगळवारी तो चौदाव्या पायरीपर्यंत आला आणि पाय घसरला. दुसरी रेघ. त्या दिवशी कुणीच हसलं नाही. लोणीवाली हरणाच्या अंगावर धावून आली. “तुज्या कायद्यापायी माजं लोनी आंबलं! चार बुकं शिकलीस तर आमाला उपाशी मारतीस का?”

“मावशी, चैतात लॉरीत तुमी असता तर?”

“नव्हते ना म्या! माज्या लोन्याचं बोल!”

हरणा घरी येऊन चुलीपुढं बसली. धूर नव्हता, तरी डोळे पुसत राहिली. कचेरी ऐकत नाही. बाप ऐकत नाही. आता बायाही ऐकेनात. आणि नाना तेवढा ऐकत होता. मान खाली घालून, गुन्हेगारासारखा. ते तर सगळ्यांत सोसवत नव्हतं.

तिसरा मंगळवार दिवाळीआधीचा शेवटचा. सारजाबाई गाठोडं घेऊन सकाळीच लॉरीत जाऊन बसली. नाना आला तो आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून. बारवेत उतरला. वर बाया श्वास रोखून उभ्या. पाच. दहा. चौदा. पाण्याचा काठ उन्हात चमकत होता, जागचा हलत नव्हता. सोळा. सतरा. लोणीवालीनं देवाला हात जोडले.

अठराव्या पायरीवर त्यानं पाऊल टेकलं आणि गुडघा किंचित लटपटला. काठावरून पाणी सुटलं, कानामागून ओघळलं आणि दगडावर पडलं. रुपयाएवढा काळा डाग. मागच्या बायांना तो दिसला नाही. दिसला फक्त समोर उभ्या हरणाला.

आणि वास आला. थोडाच, पण आला.

“एकच मोगा, हरणे,” नाना ओठांतल्या ओठांत म्हणाला. “हात हलू नये म्हून. वयनीचा हात बग गं. आज न्हाय तर कदीच न्हाय.”

दगड तापलेला होता. डाग कडेनं सुकत चालला होता. नुसतं पाऊल ठेवलं असतं तरी झाकला असता. हरणानं लॉरीकडं पाहिलं. माय तिच्याकडंच बघत होती. तिला सगळं कळलं होतं. तिनं काही खूण केली नाही. डाव्या हातानं गाठोडं उचललं आणि आपणहून लॉरीतून खाली उतरली.

हरणानं कोळसा घेतला.  फळीवर तिसरी रेघ वाकडी उमटली.

लक्ष्मम्मानं पुढं होऊन हँडल उचललं, पदराखाली घेतलं आणि निघून गेली. बाया पांगल्या. सारजाबाई बारवेच्या काठावर बसली आणि वाकड्या हाताकडं बघत म्हणाली, “ऱ्हाऊ दे गं. वाकडा हाय, पर हाय तर खरं.”

हे वाक्य हरणाला थापडीसारखं लागलं. ती धावत रानात गेली. मधे पुन्हा पाऊस होऊन लांबलेला वापसा आजच आला होता. आबानं तिफण जुंपली होती आणि पहिलं तास निम्मं झालं होतं. तिनं धापा टाकत तिसऱ्या रेघेचं आणि मायला बैलगाडीनं सोलापूरला न्यायचं सांगितलं. आबा तिफणीच्या रुमण्यावर हात ठेवून ऐकत राहिला. मग त्यानं रानाकडं पाहिलं. ओल अशी की मूठभर माती दाबली तर लाडू व्हावा. तीन दिवस बैल गेले तर ही ओल राहणार नव्हती, हे हरणालाही कळत होतं.

“तीन,” आबा म्हणाला. “मोजता येतंय मला.”

आणि त्यानं बैल तिफणीचे सोडले.

गाडी जुंपून, मायला आत बसवून तिघं वेशीत आली तर नाना मधोमध उभा. डोळे लाल, हात जोडलेले. “दादा, मला घिऊन चल. माज्यामुळं झालंय समदं. गाडी म्या हाकतो, तू बस.”

आबानं आयुष्यात पहिल्यांदा भावाला नाही म्हणायला तोंड उघडलं आणि कासरा मुठीत आवळला. हरणा गाडीतून म्हणाली, “नाना, कासरा आबाकडं. तुमी मागं बसा.” आणि भरलेली घागर त्याच्या मांडीवर ठेवली. “ही धरा. सोलापूरपातूर.”

रस्ता म्हणजे नुसते खड्डे. नानानं घागरीला दोन्ही हातांनी मिठी मारली होती. पाणी प्रत्येक धक्क्याला उसळायचं, त्याचं धोतर भिजायचं.  आज तो हसत नव्हता.

कलत्या उन्हात सरहद्दीचा नाका आला. तिथला शिपाई त्याला ओळखत होता. “काय म्हारुद्र! आज बैलगाडी? लॉरी कुठं ठोकलीस?”

“आज म्या हाकत न्हाय, साहेब,” नाना म्हणाला. सलाम करायलाही त्याचा हात मोकळा नव्हता. “आज म्या पानी धरलंय.”

नाका ओलांडून गाडी आडापाशी थांबली. हरणानं घागरीत वाकून पाहिलं. अर्धी झाली होती. निम्मी खड्ड्यांनी सांडली की हातांनी, कोण सांगणार? तिनं पोहऱ्यानं पाणी काढून ती पुन्हा काठोकाठ भरली आणि परत त्याच्या मांडीवर ठेवली.

“आता मुलूख बदलला, हरणे,” नाना भीत भीत म्हणाला. “हिकडं पैल्यापासनं मोजायचं व्हय?”

हरणाच्या ओटीत कोळशाचा तुकडा होता. तिनं तो काढला आणि गाडीच्या फळीवर शेजारी शेजारी तीन रेघा ओढल्या.

“न्हाय नाना. हितनं फुडं चौथा.”